निरोगी माणसाचं माप

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली होती. दारावर तिचं लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सगळे तिला पोटाची खोली म्हणत. त्या खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईंना पेशंटांनी कधीतरी नळीबाई म्हणायला सुरुवात केली. ते डॉक्टरांनी उचललं, मग लिफ्टवाल्यानं. एकदा तर कारकुनानं त्यांच्या रजेच्या अर्जावर खरं नाव खोडून ‘नळीबाई, तिसरा मजला’ असं लिहिलं, तेव्हा बाईंनी हात टेकले.

काम नावाप्रमाणंच होतं. लोकांच्या नाकातोंडातून पोटात नळ्या घालायच्या, आत कुठे किती दाब आहे ते यंत्रावर बघून कागदावर उतरवायचं, नळी काढायची, धुवायची आणि पुढच्याला आत बोलवायचं. बाईंचा हात हलका होता. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या कुणालाही ‘काही होत नाही हो’ असं म्हणत नसत. त्या म्हणत, “त्रास होईल. दहा मिनिटं होईल. मी इथंच उभी आहे.” एवढ्यावर भलेभले नळी गिळायचे.

सव्वीस वर्षांत बाई स्वतः मात्र आतून शिणल्या होत्या. गुडघे तर कुरकुरत होतेच, पण दिवसभर लोकांच्या उबळी ऐकून घरी ताटावर बसलं की घास तोंडात फिरायचा. रविवारीसुद्धा कुणी जोरात खोकलं की त्यांचा हात आपसूक भांडं शोधायला जायचा. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, थट्टेखोर माणूस. तो मुद्दाम खोकायचा आणि म्हणायचा, “बघ, ड्युटी सुरू.” पहिली काही वर्षं बाई हसल्या. मग नुसतं बघायला लागल्या.

त्यांच्याकडे त्यांची बहीण राहायची. बाईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान, म्हणून घरात तिला धाकटीच म्हणत. ग्रंथालयात कामाला होती. नऊ वर्षांपूर्वी तिला आठ दिवस ताप आला. ताप गेला, पण पोट जे बिघडलं ते बिघडलंच. चार घास खाल्ले की पंगत जेवल्यासारखं पोट तट्ट फुगायचं, आणि संध्याकाळी दुपारचं जेवण जसंच्या तसं बाहेर यायचं. हळूहळू तिचं वजन उतरलं, नोकरी अर्ध्या वेळेची झाली, आणि पाहुण्यांकडे जाणं बंद झालं, कारण पाहुणे आग्रह करतात.

तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, रक्त तर इतक्यांदा काढलं की ते काढणारा तिला ओळखायला लागला. प्रत्येक कागदावर खाली एकच शब्द: नॉर्मल. मग लोकांना तोंड फुटलं. आत्या म्हणाली मनाचे खेळ आहेत, शेजारीण म्हणाली नखरे आहेत. आणि एका संध्याकाळी, दिवसभराची पाच माणसं उरकून घरी आलेल्या बाईंनी धाकटीची बादली तिसऱ्यांदा धुतली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “रिपोर्टात काही नाही. तुला आजारी राहायचंच आहे, त्याला मी काय करू?”

त्या दिवसापासून उलटी यायची वेळ झाली की धाकटी मोरीचं दार लावून नळ मोठा सोडायला लागली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. बाईंना ते कळायचं. सहा वर्षं कळत होतं. पण एकदा तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं, ते त्यांना जमलं नव्हतं.

अशात पोटाच्या खोलीत नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयानं बाईंच्या निम्म्या, चालणं भरभर, चहा उभ्याउभ्या. त्यांनी येताना एक नवीन यंत्र मंजूर करून आणलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते बाईंना समजावून सांगितलं.

“पोटाच्या पिशवीच्या तळाशी, जिथून अन्न आतड्यात उतरतं, तिथं स्नायूचं एक कडं असतं. दारच समजा. ते थोडं उघडतं, चमचाभर अन्न सोडतं, मिटतं. ते नीट उघडलं नाही तर अन्न पोटातच पडून राहणार. दुर्बिणीतून बघितलं तर दार आहे एवढंच दिसतं. ते घट्ट आहे का सैल, ताणलं तर ताणतं का, हे दिसत नाही. आता हा फुगा बघा. तो त्या दारात बसवायचा आणि हळूहळू मिठाचं पाणी भरत जायचं. किती पाण्याला दार किती रुंद झालं, आणि फुग्यावर दाब किती आला, ते पडद्यावर येतं.”

“मग आमच्या धाकट्या बहिणीचं मापून बघू या का?” बाई लगेच म्हणाल्या.

“बघू ना. पण आत्ता बघून कळणार काय? समजा, आकडा आला बारा. बारा कमी की जास्त?”

बाईंनी पडद्यावर दुसरा एखादा आकडा आहे का ते पाहिलं.

“तीच तर अडचण आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजाऱ्यांचे आकडे सगळे घेतात. धडधाकट माणसाचं दार किती ताणतं, ते कुणी धड मापलेलंच नाही. ज्यांनी मापलंय त्यांनी माणसाला गुंगी देऊन मापलंय, आणि गुंगीत स्नायू वेगळाच वागतो. आपल्याला जागी माणसं हवीत. वीस हवीत. त्यांची मापं झाली की मग धाकटीला बोलवू.”

वीस निरोगी माणसं. बाईंना वाटलं, त्यात काय, सगळा गाव पडलाय. प्रत्यक्षात त्या वीस माणसांनी चौदा महिने त्यांच्या नाकी नऊ आणले.

पहिली गोष्ट, निरोगी माणूस नळी गिळायला तयार होत नाही. आजारी माणसाला निदान कारण असतं. जिन्यातल्या फलकावर बाईंनी लावलेल्या कागदाला तीन आठवडे कुणी फोन केला नाही, आणि चौथ्या आठवड्यात आला तो ‘वजन कमी होतं का?’ असं विचारणारा. दुसरी गोष्ट, आपण ठणठणीत आहोत असं छातीठोक सांगणारी माणसं प्रश्नांची यादी काढली की एकेक करून गळायची. एक सुतार आला, दंड असे की दारातून तिरका होऊन आत आला. त्याला रोज जेवणानंतर छातीत जळजळ. “ते होतंच की सगळ्यांना,” तो म्हणाला. एका शिक्षिकेला सगळं ठीक होतं, फक्त झोपेची गोळी. एकजण सर्वात पास झाला, टेबलावर झोपला, घशात फवारा मारला, आणि बाईंच्या हातातली नळी बघून जो उठला तो चपला विसरून गेला. त्या चपला महिनाभर कपाटाखाली पडून होत्या.

नवऱ्यानंही नाव दिलं होतं. नातेवाईक चालत नाहीत असं बाईंनी सांगितलं तर म्हणाला, “घटस्फोट देऊन ये, परत लग्न करू.”

“तू अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या चघळतोस. निरोगी म्हणे!”

तरी एकेक करत माणसं जमत गेली. दर मंगळवारी सकाळी एक. उपाशीपोटी यायचं, घसा बधिर करायचा, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं धरायचं. डॉक्टरीणबाई बारीक दुर्बीण घालायच्या आणि बाई तिच्या बाजूनं फुग्याची नळी सरकवायच्या. फुगा दारात बसला की पडद्यावर एक लांबट आकृती यायची, दोन्हीकडे फुगीर आणि मधे करकोचा पडलेली. वीस मिलि पाणी. थांबायचं. तीस. थांबायचं. चाळीस. मधला करकोचा मिनिटाला दोनतीनदा आवळायचा, सुटायचा. माणूस डोळ्यांतून पाणी गाळत छताकडे बघत असायचा आणि त्याच्या पोटातलं दार मात्र त्याला न विचारता आपलं उघडझाप करत बसायचं. बाई आकडे मोठ्यानं वाचायच्या. वाचताना दर वेळी मनात एकच: अजून नऊ, अजून सहा, अजून तीन.

अठरावा आला तो पोस्टमन.

पन्नाशीचा, काटकुळा, चालून चालून पोटऱ्या दोरखंडासारख्या झालेला. प्रश्नांच्या यादीतला प्रत्येक प्रश्न त्यानं ऐकायच्या आत उडवला. जळजळ? नाही. मळमळ? नाही. गोळ्या? “एक नाही. तीस वर्षांत आजारपणाची रजा नाही घेतली, बाई. विचारा ऑफिसात.” टेबलावर तो असा झोपला जसा काही रोजचंच आहे. नळी गिळताना हूं की चूं नाही.

दुर्बीण पोटात उतरली आणि डॉक्टरीणबाई थांबल्या. “बाई, हे बघा.”

पोटाच्या तळाशी वाटाणे पडले होते. सातआठ हिरवे वाटाणे, थोडी सालं. उपाशी माणसाच्या पोटात.

बाईंनी वाकून विचारलं, “आज सकाळी काही खाल्लंत?” पोस्टमननं तोंडात कडं असल्यामुळे नुसती मान हलवली. नाही. “काल रात्री?” नाही. त्यानं बोटानं घड्याळाकडे दाखवलं, वर एक बोट धरलं. काल दुपारी एक वाजता.

थोडंसंच होतं, ते खेचून घेतलं, पोट धुतलं, आणि फुगा बसवला. चाळीस मिलि पाण्याला बाकीच्यांचं दार तेरा, चौदा, पंधरा मिलीमीटर व्हायचं. याचं आठ झालं आणि तिथंच अडलं. दाब मात्र चढत गेला.

माप संपवून पोस्टमनला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दोघी आत आल्या. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. अहवाल द्यायची तारीख दोन महिन्यांवर आली होती.

“तक्रार तर त्याची काहीच नाही,” त्या कागदावर पेन आपटत म्हणाल्या. “आणि तक्रार नसलेला माणूस म्हणजे निरोगी, अशीच आपण व्याख्या केलीय. धरायला हरकत नाही. मग दोनच राहिले. काय वाटतं तुम्हाला?”

असा प्रश्न बाईंना सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांना पहिल्यांदा वाटलं ते हेच की धरा, धरून टाका, एकदाचं संपू दे. गुडघे भरून आले होते, आणि अजून ती नळी धुवायची होती. त्या खुर्चीत बसल्या. मग त्यांच्या डोक्यात आलं की हे आठ जर निरोगी माणसांत लिहिलं, तर उद्या कुणीही आठ घेऊन येईल आणि आपण त्याच्या कागदावर लिहू, नॉर्मल. कुणाच्या तरी धाकटीच्या कागदावर.

“नका धरू,” त्या म्हणाल्या. “कालचे वाटाणे आज पोटात ठेवणारा माणूस निरोगी नाही. त्याला माहीत नाही एवढंच.”

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. मग अठरा आकडा खोडला. “सांगणार कोण त्याला?”

“मी सांगते.”

पोस्टमन बाकावर ताठ बसला होता. बाई शेजारी टेकल्या आणि सरळ सांगून मोकळ्या झाल्या: पोटाचं दार पुरतं उघडत नाही, अन्न साचून राहतं, म्हणून यादीत घेता येत नाही, पण इलाज होऊ शकतो.

“पण मला काही होतच नाही,” तो म्हणाला. “मी कधी ओकलोसुद्धा नाही.”

“दिवसातून कितीदा जेवता?”

“एकदा. दुपारी.”

“का?”

“का म्हणजे? सकाळी पोटात जागा नसते. रात्रीही नसते.” तो थांबला. “सगळ्यांनाच नसते ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

तो म्हणाला, “म्हणजे लोक सकाळी उठून खातात ते भूक लागते म्हणून? मला वाटायचं सवय असते एकेकाला.”

बाईंनी मान डोलावली.

“बाई, मला यादीतून काढू नका,” तो एकदम हळू आवाजात म्हणाला. “थोरला भाऊ गेला. बायको चार वर्षं अंथरुणाला आहे. आमच्या घरात धड असा मी एकटाच आहे. मी आज मुद्दाम तिला सांगून आलो, बघ, इस्पितळवाल्यांना निरोगी माणूस पाहिजे होता तर मला घेतला. आता घरी जाऊन काय सांगू?”

“खरं सांगा. आणि पुढच्या आठवड्यात या, इलाजाला.”

“बघू,” असं म्हणून तो उठला आणि जिन्यानं खाली गेला. त्याचा राग बाईंना पाठीवरून कळत होता. तो पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

उरलेली तीन माणसं मिळायला अजून सात आठवडे गेले. विसावी होती एक पोहायला शिकवणारी मुलगी, जी माप संपल्यावर उठून विचारती झाली की आता सँडविच खाल्लं तर चालेल का. बाईंनी वीस आकडे एका ओळीत लिहिले, सर्वांत लहान बारा, सर्वांत मोठा अठरा, आणि कागदावर डोकं टेकवून पाच मिनिटं डोळे मिटले. आनंद व्हायला हवा होता. नुसती झोप आली.

पुढच्या मंगळवारी धाकटी टेबलावर होती. “ताई, तू घालणार ना नळी?” तिनं विचारलं. बाई नेहमीचं वाक्य म्हणायला गेल्या, त्रास होईल, दहा मिनिटं होईल, आणि पुढचं राहून गेलं. धाकटीनंच त्यांचा हात दाबला. “माहितीय, माहितीय. तू इथंच उभी आहेस.”

फुगा बसला. वीस. तीस. चाळीस. बाईंनी आकडा वाचला आणि परत वाचला. चौदा. दाबही चांगला. निरोगी माणसांच्या अगदी मधोमध.

डॉक्टरीणबाईंनी पाणी काढून घेतलं. चौदा महिने बाईंनी मनोमन एका गोष्टीची वाट पाहिली होती: आपल्या बहिणीच्या पोटात काहीतरी बिघाड सापडावा. आता त्यांना स्वतःचीच शरम वाटली, आणि तरीही डोळे भरून आले.

दुपारी दोघी घरी आल्या. नवऱ्यानं सूप करून ठेवलं होतं आणि शहाणपणानं बाहेर निघून गेला होता. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी धाकटीनं दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

“चौदा म्हणजे नॉर्मल ना?” ती म्हणाली. “बोल की. मीही ऐकलं तू वाचलंस ते. म्हणजे परत डोक्यावरच आलं.”

“नाही.”

“मग?”

“दार ठीक आहे. एवढंच कळलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दारापर्यंत अन्न ढकलणारंच जर थकलं असेल, तर दार उघडं असून उपयोग नाही. त्या तापात पोटाच्या नसा दुखावल्या असतील. ते मापायचं यंत्र आपल्याकडे नाही. मोठ्या इस्पितळात आहे, त्या चिठ्ठी देणार आहेत.” बाई थांबल्या. टेबलावरचा पुसलेला डाग त्या परत पुसत होत्या. “आणि दुसरं. मी तुला त्या दिवशी जे बोलले ना, तुला आजारी राहायचंच आहे म्हणून. ते खोटं होतं. आज आठ आलं असतं, तरी खोटं होतं, आणि चौदा आलंय तरी खोटंच आहे. मला हे सहा वर्षं बोलायचं होतं. आकडा हातात आला की बोलेन, असं धरून बसले होते.”

धाकटीनं त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, “एवढ्या लोकांना नळ्या घातल्यास त्यासाठी? नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं, ताई.” आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि मग दोघींनाही कशाचंच काही करायची ताकद उरली नाही. सूप गार झालं.

मोठ्या इस्पितळाची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. तिथं निघालं ते डॉक्टरीणबाईंच्या अंदाजाप्रमाणंच. आजाराला नाव मिळालं, पक्का इलाज मिळाला नाही. एक औषध सुरू झालं, दिवसातून सहा वेळा पातळ खायचं ठरलं. उलट्या रोजच्या होत्या त्या आठवड्यातून दोनदा झाल्या. मोरीचा नळ मात्र ती आता सोडत नाही, आणि उबळ ऐकू आली की बाई जाऊन तिची पाठ धरतात.

पोस्टमन आला तो त्याच्या मापानंतर पावणेदोन महिन्यांनी, पत्रं नसताना, साध्या कपड्यांत. बायकोनंच ढकलून पाठवलं होतं. “ती म्हणाली, माझ्यासाठी निरोगी राहायचं नाटक करू नकोस, मला झोपूनसुद्धा सगळं दिसतं,” त्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं दार मोठ्या फुग्यानं ताणून घेतलं. दोनदा करावं लागलं. दुसऱ्या खेपेनंतर तीन आठवड्यांनी तो तपासणीला आला तेव्हा जरा ओशाळलेलाच दिसत होता.

“काय झालं? दुखतंय?” बाईंनी विचारलं.

“नाही. सकाळी सहाला जाग येते हो. भुकेनं.” त्यानं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “दोन अंडी आणि पाव खातो. बायको म्हणते, पन्नाशीत दात येतायत.”

त्या दिवशी घरी येऊन बाईंनी हे धाकटीला सांगावं की नाही, याचा बराच विचार केला. जिला नऊ वर्षं तक्रार होती तिचं दार ठीक निघालं, आणि ज्याला तक्रारच नव्हती तो बरा झाला. शेवटी त्यांनी सांगून टाकलं. धाकटी खिडकीपाशी बसून पेल्यातलं पातळ काहीतरी घोटघोट घेत होती. 

“अंडी कशी खातो?” तिनं विचारलं. “उकडून की तळून?”

“ते नाही विचारलं.”

“विचार पुढच्या वेळी,” धाकटी म्हणाली आणि पेला परत तोंडाला लावला.

बाई आत गेल्या, पाय गरम पाण्यात सोडून बसल्या. उद्या सकाळी तीन माणसं होती, तिघंही आजारी, आणि यंत्राची एक नळी बदलायला आली होती.